नामवंत शिक्षकांची यादी आणि फ्रँकफुर्टची होख संगीतशाळा

आजचा विषय म्हणजे खरं तर एक यादी आहे.

कुठल्याही जुन्या संगीतसंस्थेचा इतिहास उघडा. पहिल्या प्रकरणात देणगीदार भेटतो, दुसऱ्यात इमारत, आणि तिसऱ्यापासून ‘आमच्याकडे शिकवून गेलेले नामवंत’ सुरू होतात. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीकडे अशी यादी फार भारी आहे. पियानोला क्लारा शूमान, गायनाला युलिउस श्टॉकहाउझेन, संचालकाच्या खुर्चीत योआखिम राफ, पुढे इवान क्नोर, एंगेलबर्ट हुम्परडिंक, बर्नहार्ड झेक्लेस. विद्यार्थ्यांच्या रकान्यात हान्स फिट्झनर, अर्नेस्ट ब्लॉख, पर्सी ग्रेंजर, पाउल हिंडेमिट. आणि आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ज्याच्यामुळे ही संस्था ठाऊक झाली, तो थिओडोर अडोर्नो. (अडोर्नोचा उल्लेख आम्ही एकेरीत करतो. वर्गातली सवय, सुटत नाही.)

ही यादी खोटी नाही. पण ती वाचल्यावर असं वाटतं, की ही सगळी माणसं एकाच खोलीत बसून एकाच समईत तेल घालत होती. आमचा आक्षेप इथे आहे. यातली निम्मी माणसं एकमेकांच्या संगीताला संगीत म्हणायला तयार नव्हती. तेव्हा कोण किती मोठा, हा प्रश्न आज बाजूला ठेवू आणि दुसरा घेऊ: या शिक्षकांनी स्वतःला न पटणारं काय आपल्या वर्गात चालू दिलं? शिक्षकाची पारख आम्हाला तिथे होते असं वाटतं. वाटतं म्हणतो, कारण पुढे याच कसोटीने आम्हाला थोडं अडचणीत आणलं आहे.

‘कॉन्झर्व्हेटरी’ हा शब्दही जरा पाहून घ्या. नेपल्समधल्या अनाथाश्रमांना ‘कॉन्सर्वातोरिओ’ म्हणत. म्हणजे सांभाळण्याची जागा. पोरकी मुलं सांभाळायची, त्यांना पोटापाण्यासाठी गाणं-वाजवणं शिकवायचं. पुढे मुलं मागे पडली आणि सांभाळायची वस्तू संगीतच झाली. पोटापाण्याचा मुद्दा मात्र लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

होख नावाच्या फ्रँकफुर्टकर सद्गृहस्थांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ही शाळा १८७८ मध्ये सुरू झाली. पहिले संचालक राफ. हे राफ तरुणपणी वायमारला फ्रान्झ लिस्टचे मदतनीस होते, म्हणजे त्या काळच्या ‘नव्या’ पक्षाच्या थेट स्वयंपाकघरातले. आणि त्यांनी पियानोसाठी बोलावलं कोणाला? क्लारा शूमान यांना, ज्यांना लिस्टचं संगीत सहन होत नसे. राफ यांच्या मनात काय होतं हे सोडा. कृती मात्र मोठ्या मनाची होती. स्वतःच्या गुरूला न मानणाऱ्या बाईंना त्यांनी आपल्या शाळेचा चेहरा केलं.

आता त्याच राफ यांची दुसरी बाजू. शाळेत स्त्री-शिक्षिका नेमायच्या नाहीत, असा त्यांचा पवित्रा होता. मग क्लाराबाई? त्यांना आपण पुरुषच धरतो, असं राफ यांचं म्हणणं. हा किस्सा विनोद म्हणून सांगतात आणि लोक हसतात. आम्हालाही पूर्वी हसू यायचं. पण अपवाद करून नियम शाबूत ठेवण्याची ही जुनी युक्ती आहे. याच राफ यांनी स्त्रियांसाठी संगीतरचनेचा स्वतंत्र वर्ग काढला, हेही खरं. म्हणजे स्त्रिया रचना शिकायला लागल्या; आणि पोरवयात पियानो कॉन्चेर्टो रचून १८३५ मध्ये मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली तो स्वतः वाजवणाऱ्या क्लाराबाई त्याच शाळेत पियानो तेवढा शिकवत होत्या. यादीत ‘पियानो’ असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाखाली काय काय गाडलेलं आहे बघा.

क्लाराबाई शिकवायच्या घरीच. म्युलिउसश्ट्रासवरच्या घरात विद्यार्थी येत, मुली मारी आणि ऑयगेनी मदतीला असत, त्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेत आणि मग मुलं आईपुढे जात. १८९२ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, हे चाललं. विद्यार्थ्यांत इंग्लंडहून आलेल्यांची संख्या मोठी: फॅनी डेव्हिस, अ‍ॅडेलिना दे लारा, मॅथिल्ड व्हर्न, लेनर्ड बॉर्विक. अभ्यासाला बाख, बेथोव्हेन, शोपँ, मेंडेल्सझोन, ब्राम्स आणि अर्थातच पती रॉबर्ट शूमान. लिस्ट, वाग्नर यांना त्या घराचा उंबरठा बंद. आमची कसोटी लावली तर बाई नापास! न पटणारं त्यांनी काहीच चालू दिलं नाही.

पण इथे कसोटीलाच थोडं थांबवावं लागतं. फॅनी डेव्हिस यांनी १९२८ मध्ये शूमानच्या पियानो कॉन्चेर्टोचं ध्वनिमुद्रण केलं, ते आज घरबसल्या ऐकता येतं. दे लाराबाईंची मुद्रणं त्यानंतरची, उतारवयातली. जरूर ऐका. ‘लिहिलं आहे तसंच वाजवा’ असा क्लाराबाईंचा आग्रह होता हे वाचून गेलात तर फसाल. कडक, सरळ, पट्टीने आखल्यासारखं वादन ऐकू येईल असं वाटतं, आणि येते ती श्वास घेणारी लय. वाक्य संपताना किंचित सैल होते, पुन्हा सावरते. सूर गाता ठेवलेला, आदळलेला नाही. हळव्या जागी वेग मुद्दाम न रेंगाळणारा. मूळ संहितेशी इमान राखणं म्हणजे अक्षरं मोजणं नव्हे, हे त्या घरात शिकवलं जात असणार. नुसत्या नियमांच्या कागदावरून ते कधीच कळलं नसतं. बाईंनी बाहेरचं काही आत येऊ दिलं नाही, पण आतल्या जागेत विद्यार्थ्याला हलायला मुभा दिली. भिंत कुठे आहे हे स्पष्ट सांगणारा शिक्षकही चांगला असू शकतो. वाईट तो, जो भिंतच नाही असं सांगतो आणि आपण अंधारात तिच्यावर आपटतो.

आपल्याकडे अशा वेळी लगेच ‘घराणं’ हा शब्द ओठावर येतो. तो इथे वापरू नका. कारण त्याच शाळेत, चार पावलांवर, नेमकं उलटं चाललं होतं.

१८८२ मध्ये राफ वारले. त्यांच्या जागी बर्नहार्ड शोल्त्झ आले. हे कोण? १८६० मध्ये ब्राम्स, योआखिम आणि ग्रिम यांच्याबरोबर ज्यांनी लिस्ट-पक्षाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली, ते चौथे. म्हणजे लिस्टच्या मदतनिसाच्या खुर्चीत लिस्टचा घोषित विरोधक! काही शिक्षक उठून गेले आणि त्यांनी गावातच राफ यांच्या नावाने दुसरी संगीतशाळा काढली. गौरवग्रंथांत याला ‘संक्रमणकाळ’ म्हणतात. आम्ही आयुष्यभर महाविद्यालयात काढलं, तिथेही संक्रमणकाळ बरेच पाहिले, तेव्हा तपशिलात जात नाही. हुम्परडिंक यांच्याविषयीही एवढंच, की ते १८९० ते १८९७ तिथे शिकवत होते आणि ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’ ही त्यांची ऑपेरा १८९३ मध्ये वायमारला रंगभूमीवर आली. शाळेला त्यांच्या नावाचा फायदा झाला. शाळेतल्या मुलांना किती झाला याबद्दल आमच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही.

इवान क्नोर यांच्यापाशी मात्र थांबलं पाहिजे. जन्म पश्चिम प्रशियातला, बालपण रशियात, शिक्षण लाइपझिगला, नंतर खारकीव्हला संगीतशिक्षक. एका युक्रेनी लोकगीतावर त्यांनी रचलेले व्हेरिएशन्स ब्राम्सच्या नजरेला आले आणि ब्राम्सच्याच शिफारशीवरून १८८३ मध्ये ते होखला आले. १९०८ मध्ये संचालक झाले, १९१६ मध्ये गेले. त्यांची स्वतःची रचना आज कोणी वाजवत नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र बघा. फिट्झनर त्यांचा. ब्लॉख त्यांचा. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचे सिरिल स्कॉट, रॉजर क्विल्टर, बॅल्फर गार्डिनर, नॉर्मन ओ’नील आणि ग्रेंजर, ज्यांना ‘फ्रँकफुर्ट ग्रूप’ म्हणतात, ते पाचही त्यांच्याच हाताखालचे. मोझार्टची चौकडी-वादनं लपूनछपून नकलून काढत स्वतःच रचना शिकलेला व्हिएन्नाचा एर्न्स्ट टोखही त्यांच्याकडे आला.

१९१६ मध्ये ब्लॉखने चेलो आणि वाद्यवृंदासाठी ‘शेलोमो’ रचलं, ज्यू धर्मग्रंथातल्या राजा सॉलोमनच्या आवाजाचं. १९१७ मध्ये म्युनिकला फिट्झनरची ‘पालेस्ट्रिना’ ही ऑपेरा रंगभूमीवर आली. आणि हा फिट्झनर पुढे कट्टर राष्ट्रवादी, ज्यूद्वेष्टा म्हणून गाजला. एकाच गुरूची ही दोन मुलं. दोघांच्या स्वरलेखनात एकमेकांची सावलीसुद्धा सापडत नाही. गुरूची तर नाहीच.

याचा अर्थ क्नोर फार उदार, फार प्रेमळ होते असा लावतात. तो आम्हाला मान्य नाही. ग्रेंजर तेराव्या वर्षी आईबरोबर फ्रँकफुर्टला आला, सहाएक वर्षं राहिला, आणि क्नोरशी त्याचं कधी जमलं नाही. आपला खरा रचनागुरू म्हणून तो पुढे कार्ल क्लिम्श या हौशी माणसाचं नाव घेत असे, जो शाळेत शिकवतच नव्हता! तेव्हा प्रेमळपणा वगैरे राहू द्या. आमचा तर्क असा: क्नोर कारागिरीत कडक होते आणि रुचीबाबत गप्प. सूर कसा चालवायचा यावर पोराला पिळून काढायचं. कुठे न्यायचा यावर बोलायचं नाही. त्या गप्प बसण्याला ‘पद्धत’ म्हणून कोणी लिहून ठेवत नाही, पण असं गप्प बसणं शिक्षकाला किती जड जातं हे ज्यांनी शिकवलं आहे त्यांना विचारा.

आता ज्यांच्यासाठी हे व्याख्यान ठरवलं, त्या बर्नहार्ड झेक्लेस यांच्याकडे येऊ. १८७२ चा जन्म, फ्रँकफुर्टचेच, ज्यू कुटुंबातले, याच शाळेत क्नोर यांच्याकडे शिकलेले. १८९६ पासून इथेच शिकवू लागले आणि १९२० च्या दशकात संचालक झाले. हिंडेमिट त्यांच्या वर्गात होता. अडोर्नो त्यांच्या वर्गात होता. दोघांनीही पुढे आपापल्या परीने त्यांच्यापासून फारकत घेतली, ते चालायचंच.

१९२७ च्या अखेरीस झेक्लेस यांनी जाहीर केलं, की शाळेत जॅझचा वर्ग सुरू होणार. जानेवारी १९२८ मध्ये तो सुरू झालाही. वर्गावर नेमला बावीस वर्षांचा मात्याश शायबर. बुडापेस्टचा, कोदायचा शिष्य, चेलोवादक. जहाजावरच्या वाद्यवृंदात वाजवत अमेरिकेपर्यंत जाऊन आलेला. जॅझ जिथे जन्मला त्या अमेरिकेत नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयात जॅझची पदवी सुरू झाली १९४७ मध्ये. म्हणजे क्लारा शूमानच्या शाळेत सॅक्सोफोन वीसेक वर्षं आधी शिरला.

गहजब झाला. वृत्तपत्रं, संगीताची मासिकं तुटून पडली. जर्मन संगीताचा अपमान, संस्कृतीचा ऱ्हास, वगैरे. आता झेक्लेस यांची बाजू ऐका, कारण तिथेच आमचा घास अडकतो. एक युक्तिवाद सरळ होता: संगीतशाळेतून बाहेर पडणाऱ्या पोरांना नृत्यगृहांतून, कॅफेंतून हेच वाजवून पोट भरावं लागतं, मग ते नीट का शिकवू नये? नेपल्सच्या अनाथाश्रमातलाच युक्तिवाद हा. मूकपटांच्या वाद्यवृंदांवर जगणारे वादक तर पुढच्या दोन-तीन वर्षांत बोलपट आल्यावर रस्त्यावर आले. म्हणजे पोटाचा मुद्दा पोकळ नव्हता. पण दुसरा युक्तिवाद रक्ताचा होता. दमलेल्या युरोपी संगीताला काळ्या लोकांचं ताजं, न वापरलेलं रक्त भरलं तर भलंच होईल, अशा आशयाचं ते लिहून गेले. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या रक्ताच्या भाषेत विरोधक बोलत होते, तीच भाषा बचावातही. फक्त बेरीज-वजाबाकीची चिन्हं बदललेली. जॅझ हे कुणाचं तरी काम आहे, कष्टाने घडवलेली कला आहे, हे त्या वाक्यात नाहीच. ते फक्त कुणाचं तरी रक्त आहे. पाच वर्षांनी हीच भाषा घेऊन आलेल्या माणसांनी झेक्लेस यांचं काय केलं ते आपण पाहणारच आहोत.

आणि तरीही. वाक्य वाईट होतं, कृती चांगली होती. इथे आमची कसोटी पुन्हा कामाला येते. झेक्लेस यांच्या स्वतःच्या रचनेत जॅझच्या वाटेने जाणारं विशेष काही नाही, त्यांचा ओढा पौर्वात्य रंगाकडे. हिंडेमिटच्या १९२२ च्या पियानो सुइटमध्ये शिमी आणि रॅगटाइम आहेत, म्हणजे शिष्य गुरूच्या पुढे गेला होता. ज्यात आपण पारंगत नाही त्याला झेक्लेस यांनी नुसतं खपवून घेतलं नाही, तर वर्ग दिला, शिक्षक दिला, तास दिला. त्या यादीत दुसऱ्या कोणी हे केलेलं आम्हाला दिसत नाही.

आता अडोर्नो. आम्ही वर्षानुवर्षं त्याचा जॅझवरचा १९३६ चा निबंध वर्गात शिकवला. हेक्टर रॉटवायलर या टोपणनावाने छापलेला. मुद्दा थोडक्यात असा, की जॅझमधलं स्वातंत्र्य दिखाऊ आहे: ठेका मोडल्यासारखा वाटतो, पण खालची मात्रा एकदाही हलत नाही; व्यक्ती बंड करते आणि शेवटी रांगेत उभी राहते. तेजस्वी निबंध आहे, आजही त्यातलं पुष्कळ खरं वाटतं, निदान त्याने जर्मनीत ऐकलेल्या नृत्य-वाद्यवृंदांबद्दल तरी. पण या निबंधाची तांत्रिक बाजू कुणाशी झालेल्या चर्चांमधून आली? मात्याश शायबरशी. जॅझचा वर्ग चालवणाऱ्या माणसाचं ज्ञान घेऊन जॅझवरचा खटला उभा राहिला, आणि आम्ही विद्यार्थ्यांना हे एकदाही सांगितलं नाही. झेक्लेस हे नाव तर आमच्या तोंडून कधी निघालंच नाही. माहीत नव्हतं असं नाही. महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

१९३३ कडे या. नाझी सत्तेवर आल्यावर झेक्लेस यांना काढलं, शायबरला काढलं, शाळेतल्या ज्यू आणि परदेशी शिक्षकांना काढलं. जॅझचा वर्ग बंद. त्याच वर्षी अडोर्नोचाही विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार गेला. आणि त्याच वर्षी, रेडिओवर जॅझबंदी आल्यानंतर, त्याने ‘जॅझला निरोप’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. सूर असा, की हुकुमाने काय मारलं, ते तर आधीच मेलं होतं. अडोर्नो नाझींच्या बाजूचा होता असं म्हणण्याचा मूर्खपणा कोणी करू नये. तो स्वतः त्यांचा बळी होता. पण आपल्याच शाळेतला वर्ग कुलूप लावून बंद होत असताना ती वस्तू मुळात किती सामान्य होती हे सिद्ध करत बसणं, ही विचारवंताची एक विशिष्ट खोड आहे. ती आमच्यातही आहे, म्हणून ओळखता येते.

पुढे ‘मिनिमा मोरालिया’मध्ये, जे १९५१ मध्ये छापून आलं, अडोर्नोने आपल्या पहिल्या रचनाशिक्षकाचं चित्र काढलं आहे. शिक्षक त्याला नव्या, सप्तकाचं केंद्र सोडलेल्या संगीतापासून परावृत्त करू पाहतो. आधी त्या रचनाकारांच्या भानगडी सांगून, आणि ते जमलं नाही तेव्हा, ‘तुमचं हे नवंही आता जुनं झालं’ असं सांगून. नव्या पिढीत लाल रक्तपेशी जास्त आहेत, असं तो म्हणे. पुन्हा रक्त! शिक्षकाचं नाव दिलेलं नाही. पण संगीतशाळेचा संचालक, पौर्वात्य सुरांची हौस, हे वर्णन कुणाचं हे उघड आहे.

आम्ही या उताऱ्यावर बराच काळ विचार केला. नाव न देण्यात आदर असेल का? असेलही. झेक्लेस १९३४ मध्येच वारले होते, पदावरून हाकलल्यानंतर दीड-दोन वर्षांत. पण त्या उताऱ्यात ती हकालपट्टी नाही, तो वर्गही नाही. आहे तो फक्त एक चलाख, मनातून खजील झालेला संचालक. अडोर्नोची टीका चुकीची आहे असं आमचं म्हणणं नाही. झेक्लेस यांनी अडोर्नोला जे चालू दिलं नाही, ते त्याने अचूक टिपलं. दुसऱ्या विद्यार्थ्यांना जे चालू दिलं, ते त्याला दिसलं नाही. एखाद्या कलाप्रकाराचं मूल्य ठरवणं आणि तो शिकवायला जागा देण्याच्या कृतीचं मूल्य ठरवणं, हे दोन वेगळे निवाडे आहेत. अडोर्नोने पहिला दिला आणि दुसराही त्यातच उरकला. आम्हीही वर्गात तेच उरकत आलो.

शाळेची इमारत युद्धात बॉम्बहल्ल्यात गेली. संस्था पुन्हा उभी राहिली, आजही चालू आहे, आणि झेक्लेस आता यादीत आहेत.

शायबर इंग्लंडला गेला. १९४२ पासून लंडनच्या मॉर्ले कॉलेजात शिकवू लागला. पुढे ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’वरच्या व्यंगचित्रपटाला संगीत दिलं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोटार अपघातात गेला. त्याचा देशबंधू ग्यॉर्गी लिगेती याने १९६१ ची ‘अ‍ॅटमॉस्फियर्स’ ही रचना शायबरच्या स्मृतीला अर्पण केली. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘२००१’ या चित्रपटात तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकलीच असेल, कुणाच्या आठवणीत रचली हे न कळता. घरी गेल्यावर ती एकदा लावा, आणि तिच्या आधी फॅनी डेव्हिसबाईंचा शूमान. दोन्हींमध्ये मिळून पाऊण तासही जात नाही. मग काही प्रश्न पडले तर पुढच्या शनिवारी घेऊ.